जाड कागदावरील स्वयंचिकट तिकीट : सोडवावे की राहू द्यावे?

टपालाची तिकिटे जमविणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो पाण्याचा. पाकिटाचा तिकिटासह कापलेला तुकडा कोमट पाण्यात ठेवावा, पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी, की तिकीट आपोआप सुटून तरंगू लागते. टीपकागदावर वाळवावे आणि वहीत लावावे. १८४० साली इंग्लंडात निघालेल्या पहिल्या तिकिटाच्या पाठीला पिष्टाची खळ होती. आपल्या इंदूरच्या होळकर संस्थानाने १८८६ मध्ये काढलेल्या पहिल्या तिकिटाच्या पाठीलाही पाण्याने ओला होणारा गोंदच होता. भारतीय टपाल खात्याची बहुसंख्य तिकिटे आजही याच जातीची आहेत. त्यामुळे पाणी म्हणजे सर्व रोगांवरचे औषध, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

परदेशातून आलेले पाकीट मात्र या समजुतीला धक्का देते. तासभर भिजवूनही तिकीट हलत नाही. ओढू गेल्यास त्याचा वरचा चित्राचा पापुद्रा हातात येतो आणि उरलेला भाग पाकिटावर राहतो. तिकीट पातळ पाकिटावर असेल तर निदान प्रयत्न करायला वाव असतो. परंतु हल्ली आपल्या घरी परदेशातून टपालाने येते ते काय? रोजच्या खुशालीची पत्रे केव्हाच थांबली. ते काम दूरध्वनीने आणि संगणकाने उचलले. आता येतात त्या मुलांच्या, नातवंडांच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिका, नाताळाची व दिवाळीची भेटकार्डे, पुस्तकांची पुडकी आणि पुठ्ठ्याची पाकिटे. म्हणजे नेमका जाड कागद. या जाड कागदावरील स्वयंचिकट तिकिटाचे काय करावे, याविषयी सभासद आणि त्यांच्या घरची छंदिष्ट मुले वारंवार विचारणा करीत असल्याने हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

चिकटते ते कसे?

गोंद आणि स्वयंचिकट द्रव्य यांत मूलभूत फरक आहे. गोंद ओला असताना वाहतो, कागदाच्या तंतूंत शिरतो आणि वाळून कडक होतो. त्याला पुन्हा पाणी दिले की तो पुन्हा वाहू लागतो. स्वयंचिकट द्रव्य मात्र कधी वाळतच नाही. ते रबरापासून किंवा ॲक्रिलिक बहुवारिकापासून केलेले असते; अर्धे द्रव आणि अर्धे घन, अशी त्याची कायमची अवस्था असते. बोटाने दाबले की ते पृष्ठभागावरील खाचखळग्यांत शिरते आणि तेथेच राहते. पाण्याशी त्याचे फारसे देणेघेणे नसते.

हे द्रव्य आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. स्नानगृहाच्या आरशावर घरातील स्त्रियांच्या टिकल्या चिकटलेल्या असतात, त्या याच द्रव्याने. डॉक्टरांच्या हाती तर ते त्याहून आधी आले. अमेरिकेत १८४५ साली शेकट आणि डे यांनी रबराच्या चिकटपट्टीचे एकस्व घेतले, ते वैद्यकीय पट्टीसाठीच होते. जर्मनीत बायर्सडॉर्फ कंपनीची ल्युकोप्लास्ट पट्टी १९०१ मध्ये बाजारात आली. कागदी लेबलांची पाळी पुढे १९३५ मध्ये स्टँटन एव्हरी यांच्यामुळे आली आणि टपाल तिकिटांची त्याहून कितीतरी उशिरा. तेव्हा हे तिकीट म्हणजे आपल्या जुन्या चिकटपट्टीचे धाकटे भावंडच म्हणावे लागेल.

या द्रव्याचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. काळ जाईल तसे ते कागदात खोल खोल मुरत जाते. गुळगुळीत, पातळ पाकिटापेक्षा खरबरीत, जाड आणि सच्छिद्र कागदात ते अधिक मुरते. म्हणून सोडवायचे असेल तर वर्षानुवर्षे खोक्यात ठेवून मग हात घालण्यापेक्षा लवकर सोडविणे इष्ट.

थोडा इतिहास, कारण त्यावर उपचार ठरतो

पहिली स्वयंचिकट तिकिटे सिएरा लिओन या आफ्रिकी देशाने १९६४ मध्ये काढली. त्यांचा आकार त्या देशाच्या नकाशासारखा होता. अमेरिकेने १९७४ च्या नाताळात दहा सेंटांचे एक तिकीट काढून पाहिले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील घरावरचे, कबुतराच्या आकाराचे वातकुक्कुट त्यावर होते. हा प्रयोग फसला. चिकटद्रव्य कालांतराने कागदातून वर झिरपले आणि तिकिटांवर तपकिरी डाग पडले. संग्राहकांच्या वह्यांत आज हे तिकीट डागाळलेल्या स्थितीतच अधिक आढळते.

१९८९ पासून अमेरिकेने पुन्हा प्रयत्न सुरू केला आणि १९९० च्या दशकात ही तिकिटे सर्रास झाली. त्या काळात तेथील टपाल खात्याने संग्राहकांची सोय पाहिली होती. तिकिटाचा कागद आणि चिकटद्रव्य यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा एक पातळ थर दिला जाई. पाण्यात ठेवले की हा मधला थर विरघळे, तिकीट स्वच्छ सुटे आणि चिकटद्रव्य पाकिटावर राही. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या तिकिटांतून हा थर नाहीसा झाला. ब्रिटनने २००९ मध्ये राणीच्या मुखवट्याच्या नेहमीच्या तिकिटांत हा थर तर ठेवला नाहीच, उलट तिकिटाला इंग्रजी यू अक्षरासारखे काप दिले. वापरलेले तिकीट सोडवून पुन्हा चिकटविण्याचा गुन्हा कोणी करू नये, हा त्यामागील हेतू. ओढल्याबरोबर तिकीट त्या कापांवर फाटते.

आधी निदान

अशा तिकिटाच्या जागी एकावर एक रचलेले थर असतात. वर शाई, मग तिकिटाचा कागद, असल्यास विरघळणारा थर, मग चिकटद्रव्य आणि शेवटी पाकिटाचा कागद. आपण ओढतो तेव्हा यांतील जो थर सर्वांत दुबळा असेल तो फाटतो. बहुधा तो तिकिटाचा कागदच असतो, कारण चिकटद्रव्याची पकड कागदाच्या तंतूंच्या परस्पर पकडीहून अधिक असते. तेव्हा आपले सारे काम एका वाक्यात सांगता येते : चिकटद्रव्याला सर्वांत दुबळा थर बनवावयाचे आणि मगच ओढावयाचे.

जाड कागद येथे दोन अडचणी निर्माण करतो. पहिली, पाठीमागून दिलेला द्रव त्यातून पलीकडे पोहोचत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची : जाड कागद वाकत नाही. सोडविताना दोहोंपैकी एकाला वाकावेच लागते. कागद वाकला नाही तर तिकीट वाकते आणि तिकीट वाकले की त्यावर कायमची घडी पडते. म्हणून नियम असा की, तिकीट कागदापासून ओढावयाचे नाही, तर कागद तिकिटापासून ओढावयाचा.

हाताशी असलेले तिकीट कोणत्या काळातील आणि कोणत्या देशाचे, हे प्रथम पाहावे. १९९० च्या दशकातील अमेरिकेचे असल्यास कोमट पाण्याची परीक्षा अवश्य घ्यावी. मात्र साध्या तिकिटापेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ द्यावा. रंगीत पाकीट इतरांबरोबर भिजवू नये. लाल किंवा हिरव्या लखोट्याचा रंग सुटून तो सगळ्या तिकिटांना लागतो. तासाभरात सुटले नाही तर पाण्याचा नाद सोडावा. अधिक भिजविल्याने तिकिटाचा कागदच लगद्यासारखा होतो.

जाड कागद पातळ करणे

तिकिटाभोवती चारही बाजूंनी एक सेंटिमीटर कागद राखून तुकडा कापावा. पुठ्ठा किंवा जाड कार्ड हे एकसंध नसून त्यात थर असतात. तुकड्याच्या एका कोपऱ्यात, पाठीमागच्या बाजूने, बोथट पात्याने थर किंचित उचलावा आणि तो हळूहळू सोलून काढावा. मी यासाठी मलम कालविण्याचा जुना स्पॅट्युला वापरतो. तिकिटाची बाजू टेबलावर सपाट दाबलेली असावी आणि सुटणारा थर पाठीवर उलटा दुमडत जावा. असे दोन-तीन थर निघाले की शेवटी तिकिटाखाली साध्या पाकिटाइतका पातळ कागद उरतो. या कामाला दहा मिनिटे लागतात, पण पुढचे सारे यश त्यावर अवलंबून असते. जाड कागदाच्या बाबतीत हीच खरी पूर्वतयारी होय. ती टाळून थेट द्रावक ओतणाऱ्याच्या हाती सुरकुतलेले तिकीट येते.

आतून प्लॅस्टिकचा अस्तर असलेल्या पाकिटांत द्रावक पाठीमागून शिरतच नाही. तेथे अस्तर आधी सोलून वेगळे करावे लागते. ते निघत नसेल तर थंडीचा उपयोग करून पाहता येतो. तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात काही तास ठेवल्यास काही चिकटद्रव्ये कडक होतात आणि त्यांची पकड सैल पडते. बाहेर काढल्यावर अर्ध्या-एक मिनिटातच काम उरकावे लागते.

द्रावक आणि कृती

रबर आणि ॲक्रिलिक द्रव्ये पाण्याला दाद देत नाहीत, पण तेलकट जातीच्या द्रवांत ती फुगतात व मऊ होतात. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हा असाच द्रव. फुगविलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळली की फुगा फटकन फुटतो, हा खेळ मुलांना दाखवून पाहावा. लिमोनीन रबराला विरघळविते, त्याचा तो पुरावा. अमेरिकेतील अनेक संग्राहक लिमोनीनयुक्त फवारे याच कामासाठी वापरतात. लेबले काढण्याची लिमोनीनयुक्त द्रव्ये आता आपल्याकडेही मिळतात. दुसरा पर्याय म्हणजे हेप्टेन किंवा सिगारेट लायटरमध्ये भरतात तो नॅप्था. लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, हेप्टेन ९८ अंशांना. म्हणून हेप्टेन चटकन उडून जाते व मागे डाग ठेवत नाही, तर लिमोनीन सावकाश काम करू देते पण वाळायला वेळ घेते. ॲसिटोन, म्हणजे नखांवरील रंग काढण्याचे द्रव्य, कटाक्षाने टाळावे. ते तिकिटाच्या शाईलाही सोडत नाही.

कृती अशी. पातळ केलेला तुकडा तिकिटाची चित्राची बाजू खाली करून काचेवर ठेवावा. पाठीवर ड्रॉपरने तीन-चार थेंब सोडावेत. कागद ओला होऊन पारदर्शक दिसू लागला की एक मिनिट थांबावे. मग कागदाचा एक कोपरा उचलून तो स्वतःवरच उलटा दुमडत, तिकिटाला समांतर असा मागे ओढत न्यावा. तिकीट काचेवर चपट्या टोकाच्या चिमट्याने दाबून धरावे. पकड जाणवली की ओढणे थांबवून नेमक्या त्या सांध्यावर आणखी एक थेंब द्यावा. जोर करण्याऐवजी थेंब द्यावयाचा, हे एकदा हाताला वळण लागले की काम सोपे होते. ब्रिटनच्या काप असलेल्या तिकिटांनाही ही पद्धत मानवते, कारण तिकीट सपाट राहिल्याने काप उघडत नाहीत.

तिकीट सुटले तरी पाठीवर बहुधा चिकटपणा राहतो. द्रावकात भिजविलेला कापूस काडीला गुंडाळून पाठीवर लाटल्यासारखा फिरवावा, घासू नये. उरलेल्या चिकटपणावर सुगंधरहित टाल्कची चिमूटभर पूड मऊ कुंचल्याने पसरावी व जादा पूड झटकावी. नंतर तिकीट लेबलांमागे येणाऱ्या गुळगुळीत कागदावर, त्यावर टीपकागद आणि हलके वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावे. आपल्या पावसाळ्यात आणखी एक दिवस द्यावा.

जेथे हात लावू नये

काही तिकिटांना कोणतेही द्रावक लावणे म्हणजे त्यांचा नाश करणे होय. सोनेरी वर्ख किंवा कोन बदलताच रंग बदलणारी शाई असलेली तिकिटे त्यांत येतात. टपाल कर्मचाऱ्याने बॉलपेनने रद्द केलेल्या तिकिटाची शाईही पसरते. टपाल कार्यालयातील यंत्रातून छापून मिळणारी लेबले हा विशेष धोक्याचा प्रकार. ब्रिटनमध्ये २००८ पासून निघालेली अशी लेबले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरील आहेत. ईसीजीच्या पट्टीवर स्पिरिटचा हात लागला की काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. येथेही तोच प्रकार.

अशा वेळी उत्तम मार्ग म्हणजे तिकीट तुकड्यासकट जतन करणे. भोवती सुमारे पाच मिलिमीटर समान कडा ठेवून नीट काटकोनात कापावे. शिक्का तिकिटाच्या बाहेर गेला असेल तर तो संपूर्ण येईल इतका कागद ठेवावा, कारण गाव व तारीख सांगणारा शिक्का गेल्यावर तिकीट मुके होते. ब्रिटनच्या २०२२ पासूनच्या तिकिटांना शेजारी चौकोनी संकेतचिन्ह जोडलेले असते, तेही तोडू नये. पुठ्ठा जाड असल्यास पाठचे थर सोलून तो वहीत मावेल इतका पातळ करावा. तिकिटाच्या कडेने कालांतराने चिकटद्रव्य बाहेर पाझरते व समोरच्या पानाला चिकटते. यासाठी कडेवर टाल्कचा हलका कुंचला फिरवावा आणि वहीवर वजन ठेवू नये.

डॉक्टरांनी सांगावयाची गोष्ट

हा छंद मुख्यतः मुलांचा आणि निवृत्तांचा. त्यामुळे द्रावकांच्या विषारीपणाविषयी बोलणे हे आपले कर्तव्यच आहे. हेप्टेनसारख्या द्रवाची वाफ हवेहून जड असते, ती टेबलावरून खाली उतरून लांबवर पसरते आणि हेप्टेन शून्याखालील तापमानातही पेट घेऊ शकते. घरात देवापुढे समई, उदबत्ती किंवा शेजारच्या खोलीत गॅसची शेगडी पेटलेली असताना बाटली उघडू नये. ईथरच्या काळातील शस्त्रक्रियागृहाचे नियम ज्येष्ठांना आठवत असतील; तेच येथे पाळावेत.

बाजारात सुट्या मिळणाऱ्या, घटकांची माहिती नसलेल्या थिनर व पेट्रोलपासून दूर राहावे. त्यांत बेंझीन असू शकते आणि अस्थिमज्जेवरील त्याचा परिणाम आपणांस सांगावयास नको. साध्या हेक्झेनचे शरीरात २,५-हेक्झेनडायोन होते व त्याने परिघीय चेतातंतूंना इजा पोहोचते. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला बनविणाऱ्या कामगारांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला होता. संग्राहकाचा संपर्क त्या मानाने अल्प असला, तरी बंद खोलीत रोज तास-दोन तास काम करणाऱ्याने हे विसरू नये. लिमोनीन सौम्य खरे, पण जुन्या, हवा लागलेल्या बाटलीतील लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होऊन त्वचेला त्याची ॲलर्जी येऊ शकते. टिकलीच्या चिकटद्रव्याने कपाळावर पडणारे पांढरे डाग पाहिलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना या द्रव्यांच्या स्वभावाविषयी अधिक सांगणे नलगे.

शस्त्रक्रियेचे नेहमीचे लॅटेक्सचे हातमोजे येथे निरुपयोगी आहेत. तेही रबरच, या द्रावकांत ते फुगतात. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुलाच्या हाती द्रावकाची बाटली कधीही एकटी देऊ नये. पाणी आणि कात्री एवढ्यावर मुलांचा संग्रह उत्तम वाढतो.

निर्णय

सोडविण्याचे तंत्र अवगत झाले म्हणून प्रत्येक तिकीट सोडवावेच असे नाही. शल्यचिकित्सेत शस्त्रक्रिया कशी करावी हे शिकायला काही वर्षे लागतात आणि ती केव्हा करू नये हे शिकायला त्याहून अधिक, असे आपण म्हणतो. येथेही तसेच आहे. एकाच प्रकारची दहा तिकिटे जवळ असतील, वहीत जागा कमी असेल, पाकिटाचा कागद आम्लयुक्त, तपकिरी असून त्याचा डाग तिकिटाला लागण्याचा संभव असेल, तर अवश्य सोडवावे. तिकीट दुर्मीळ असेल, शिक्का सुंदर असेल किंवा वर सांगितलेल्या नाजूक जातींपैकी ते असेल, तर तुकड्यावरच ठेवावे.

आणि तिसरा पर्याय विसरू नये, तो म्हणजे संपूर्ण पाकीट. इंदूरच्या मराठी घरांत एकेकाळी पुण्या-मुंबईहून, सातारा-नगरहून पत्रे येत; त्यांवरील शिक्क्यांतून आपल्या कुटुंबांचा प्रवास वाचता येतो. आज तीच कुटुंबे न्यू जर्सी, लंडन आणि मेलबर्नला पोहोचली आहेत आणि तेथून हाताने पत्ता लिहिलेले पाकीट वर्षातून एखादेच येते. त्यावरील तिकीट पोस्टाच्या हिशेबी लक्षावधींतले एक असते, सुटे तिकीट पुन्हा कधीही विकत मिळू शकते. नातवाच्या हस्ताक्षरातील पत्ता, तारखेचा शिक्का आणि तिकीट हे तिन्ही एकत्र असलेले पाकीट मात्र दुसरे मिळत नाही. अशा पाकिटाला ना पाण्याची गरज आहे, ना लिमोनीनची. ते आम्लरहित कागदाच्या घडीत उभे करून ठेवावे आणि आत कोणाचे, कोणत्या निमित्ताने आलेले, एवढी एक चिठ्ठी पेन्सिलीने लिहून ठेवावी. कात्री उचलण्यापूर्वी हा विचार प्रत्येकाने करावा, एवढीच विनंती.